चादर घरी, फडकं सोबत

सोलापूरच्या माणसाला सुताबद्दल कुणी शिकवू नये आणि पाण्याच्या टंचाईबद्दल तर मुळीच नाही. उजनी भरलेली असो वा नसो, आपल्या नळाला पाणी येतं ते दिवस मोजूनच. म्हणून घरोघरी पिंपं, हौद, गच्चीवर टाक्या. पाणी भरणं, निवळू देणं, फडक्यातून गाळणं हे इथल्या पोराटोरांनाही येतं. तरी हाच सोलापूरकर सांधण दरीत मुक्कामाला निघाला, की सॅकमध्ये चादर कोंबतो आणि फडकं घरी विसरतो. खरं तर नेमकं उलट करायला हवं.

सांधण आहे अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाच्या कडेला. आपल्यापासून चारशे किलोमीटरच्या आसपास. गावाच्या पठाराला एक भेग पडावी तशी ही घळ, जवळपास २ किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंनी २०० ते ३०० फुटांच्या कातळभिंती. आत दोन ठिकाणी पाण्यातून चालावं लागतं. हंगामाप्रमाणे हे पाणी गुडघ्यापासून छातीपर्यंत कितीही असू शकतं. पुढे दोर लावून उतरायचे कातळटप्पे, मग तळाशी मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी करोली घाटानं पुन्हा साम्रदला. पावसाळ्यात या घळीतून पाण्याचा लोंढाच वाहतो, त्यामुळे तिथं जायचा विचारही नको. नोव्हेंबरनंतरचा काळ बरा. पण प्रत्येक महिन्याबरोबर पाणी आटत जातं आणि जे उरतं ते हिरवं होत जातं. मार्चनंतर तळाशी पाणी आहे की नाही, हे साम्रदमध्येच विचारून घ्यावं.

या दरीत पाण्याचा प्रश्न टंचाईचा नाही, विश्वासाचा आहे. डोहातून शनिवार-रविवारी शेकडो माणसं बूट घालून जातात, वरच्या अंगाला गुरं चरतात, माकडं भिंतींवर असतात. अरुंद घळीत शौचाला पाण्यापासून ६० मीटर लांब जायचं म्हटलं तरी जाणार कुठे? त्यामुळे खालच्या अंगाला साठलेलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी ते तसंच प्यायचं नाही. कातळातून झिरपणारी धार सापडली तर भांडं तिथं लावावं, मग एक लिटर भरायला दहा मिनिटं लागली तरी चालेल. धार नसेल तर माणसांच्या वाटेपासून बाजूचा, सगळ्यांत वरचा डोह बघावा. तळ ढवळू नये, वरचा तवंग हातानं बाजूला सारून त्याखालचं पाणी घ्यावं. आणि साम्रदच्या विहिरीवरून प्रत्येकी वीस-वीस लिटर नेण्याचा विचारही करू नये. उन्हाळ्यात त्या वाड्यांना स्वतःलाच पाणी पुरत नाही, आणि ते काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता फडक्याकडे. जुन्या धोतराचा किंवा धुवून धुवून मऊ झालेल्या सुती साडीचा साधारण ६० बाय ६० सेंटिमीटरचा तुकडा घ्या. तीनदा दुमडला की आठ पदर होतात आणि घडी हातरुमालाएवढी राहते. नवं कापड नको. त्यात खळ असते आणि धाग्यांमधल्या फटी मोकळ्या असतात. जुन्या कापडाचे धागे झिजून पिंजारलेले असतात, ओले झाले की फुगतात आणि फटी आणखी बारीक होतात. हा घरगुती समज वाटेल, पण बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांमध्ये याची रीतसर चाचणी झाली. रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांचं ते संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. जुन्या साडीचे चार ते आठ पदर करून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. कॉलऱ्याचा जंतू स्वतः त्या कापडातून सहज जाईल इतका लहान असतो. पण तो बहुतेकदा पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो, आणि ते प्राणी कापडात अडकतात. आपल्याकडे नारू हटवताना हेच तत्त्व वापरलं गेलं. नारूची अळी वाहून नेणारे बारीक जलजीव कापडाच्या गाळणीत अडकतात. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मधला, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

म्हणजे फडकं बरंच काही करतं, पण पाणी पिण्यालायक करत नाही. त्याचं खरं काम पुढच्या महागड्या गाळणीला वाचवण्याचं. फडक्याच्या एका कोपऱ्याला लाल दोऱ्याचा टाका घालून ठेवा, आणि लाल टाका नेहमी गढूळ पाण्याच्या बाजूला ठेवा. बाजू उलटली की मागच्या वेळचा सगळा गाळ स्वच्छ बाटलीत उतरतो. हे घडतं ते नेमकं संध्याकाळी, सगळे दमलेले असताना आणि बॅटरी एकाच्याच डोक्यावर असताना.

पाणी फारच गढूळ असेल तर फडक्याआधी तुरटी. १० लिटरच्या घडीच्या बादलीत तुरटीचा खडा धरून पाच-सहा फेरे फिरवायचे, मग पाणी थोडा वेळ हळूहळू ढवळायचं आणि तासभर हात लावायचा नाही. मातीचे कण एकमेकांना चिकटून फुलोरे होतात आणि खाली बसतात. वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं, तळाचं दोन बोटं पाणी सोडून द्यायचं. लोक इथेच चुकतात. शेवटचा घोटसुद्धा वाया जाऊ नये म्हणून बादली पूर्ण उपडी करतात. आपल्याकडची सवयच तशी, पण तुरटीचा तो बुळबुळीत गाळ गाळणीत गेला की ती काही मिनिटांत तुंबते.

गाळणी म्हणजे हल्ली बहुतेक जण वापरतात ती पोकळ तंतूंची. मुठीएवढ्या नळकांड्यात शेवयांसारख्या पोकळ नळ्यांचा झुबका, आणि नळ्यांच्या भिंतींना ०.१ मायक्रॉनची छिद्रं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे जुलाब लावणारे एकपेशी परजीवी. जिआर्डियाची पुटी, म्हणजे त्याचं कवचातलं रूप, साधारण ८ ते १२ मायक्रॉनची, क्रिप्टोस्पोरिडियमची ४ ते ६ मायक्रॉनची, जुलाबाचे नेहमीचे जिवाणू अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. हे सगळं अडकतं. विषाणू अडकत नाहीत. काविळीचे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू ०.०३ मायक्रॉनच्या घरातले, ते या छिद्रांतून आरामात निघून जातात. परदेशी दुकानांच्या जाहिरातींत गाळणीतून थेट ओढ्याचं पाणी पिणारी माणसं दिसतात, कारण तिथल्या निर्जन डोंगरांत माणसाच्या विष्ठेतून येणाऱ्या विषाणूंचा धोका कमी धरतात. सह्याद्रीत तो कमी धरता येत नाही. खतं, कीटकनाशकं, क्षार यांच्यापुढेही ही गाळणी हतबल आहे. शेतांखालून आलेलं पाणी म्हणूनच टाळावं.

म्हणून गाळल्यानंतर क्लोरीन, आणि याच क्रमानं. गढूळ पाण्यात आधी क्लोरीन टाकलं तर ते मातीवर आणि पाचोळ्यावरच खर्ची पडतं. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियमला क्लोरीन फारसं काही करू शकत नाही, ते काम गाळणीनं आधीच केलेलं असतं. एकीला जे जमत नाही ते दुसरी करते. गोळी घेताना ती किती लिटरची, हे पाकिटावर वाचा. आपल्याकडे सर्रास मिळणारी अर्ध्या ग्रॅमची गोळी २० लिटरच्या हंड्यासाठी असते. ती एक लिटरच्या बाटलीत टाकली तर पाणी तोंडात धरवत नाही. तुकडे करून अंदाजानं टाकण्यापेक्षा एक लिटरच्या गोळ्या किंवा मोजून टाकता येतील असे थेंब बरे. टाकल्यावर ३० मिनिटं थांबायचं, पाणी फार गार असेल तर तासभर. पाच मिनिटांनी बाटलीचं झाकण किंचित सैल करून थोडं पाणी आट्यांवरून ओघळू द्यायचं, कारण तोंड लागतं तिथंच गढूळ थेंब राहिलेला असतो. शेवटी पाण्याला क्लोरीनचा पुसटसा वास यायला हवा. वास अजिबात नसेल तर सगळं क्लोरीन वापरलं गेलं असं समजून आणखी एक मात्रा टाकावी.

गाळणीची बाकीची दुखणी किरकोळ भागांची असतात. गाळणी आणि पिशवी यांच्यामध्ये एक रबरी वायसर असतो. तो पडला की जोडातून गढूळ पाणी गळतं आणि थेट स्वच्छ बाटलीच्या तोंडावर येतं. जादा वायसर दोन घ्या, एक औषधांच्या डबीत आणि एक पाकिटात. दुसरं दुखणं आट्यांचं. शीतपेयाच्या बाटलीचे आटे बहुधा बसतात, पण पाण्याच्या हलक्या बाटलीचे आखूड आटे बसल्यासारखे वाटतात आणि दाबलं की सुटतात. हे घरी मोरीत तपासायचं, दरीत नाही. तिसरं, पिशवी पिळणं. घाईत लोक पिशवी धुण्यासारखी पिळतात आणि ती मानेजवळच्या सांध्यावर फाटते. तिला खालून गुंडाळत आणायचं, तळहातानं दाबायचं. चौघांसाठी संध्याकाळ ते सकाळ पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून वीस-एक लिटर पाणी लागतं. इतकं हातानं दाबत बसण्यापेक्षा मोठी पिशवी झाडाच्या फांदीला हात-दीड हात उंच नव्हे, चांगली छातीच्या वर टांगावी आणि नळी खाली सोडावी. उंची जितकी जास्त तितकी धार जोरात. तोवर भाकरीचं बघता येतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा दरीतला उत्तम शिधा आहे. भाकरी शिजवायला पाणी लागत नाही, चटणीतलं मीठ मात्र प्यायला जास्त लावतं. तेवढं पाणी हिशेबात धरा.

गढूळ पाण्याची पिशवी आणि स्वच्छ बाटली यांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा. गढूळ पिशवी भरणाऱ्यानं स्वच्छ बाटलीला हात लावायचा नाही. हा नियम जरा सोवळ्याचा वाटतो, पण पोट बिघडण्याच्या बहुतेक प्रकारांत गाळणी ठीक असते आणि हात ओले असतात.

उकळण्याबद्दल मुद्दाम शेवटी बोलायचं, कारण पाणी आणि झोप यांची गाठ तिथंच पडते. पाणी खळखळून उकळलं की १ मिनिट पुरतं. २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं, पण इथे तो प्रश्न नाही. जिवाणू, पुटी, विषाणू, सगळ्यांचा निकाल एकदम लागतो. खर्च गॅसचा, एका लिटरला साधारण १० ते १५ ग्रॅम. सगळं पाणी उकळत बसलं तर गॅस पुरणार नाही. पण रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येकी एक लिटर उकळायचं आणि एका पदराच्या स्टीलच्या बाटलीत भरायचं. प्लॅस्टिकची बाटली उकळत्या पाण्यानं मुरगळते, आणि थर्मासची दुहेरी बाटली आतली ऊब बाहेर देतच नाही. झाकण घट्ट लावून बाटली पाच मिनिटं उलटी धरायची. गळत नसेल तर लोकरी मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत, मांड्यांच्या मध्ये ठेवायची. ९० अंशांवरून ३० अंशांवर उतरताना एक लिटर पाणी ६० किलोकॅलरी उष्णता सोडतं, आणि ती रात्रभर हळूहळू मिळत राहते. सकाळी तेच पाणी प्यायला तयार. एका उकळीत दोन कामं होतात, म्हणून हा गॅस सत्कारणी लागतो. सोलापूरहून रेल्वेनं निघणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं, गाडीत गॅसचा डबा नेता येत नाही. तो उतरल्यावर घ्यावा किंवा स्वतःच्या वाहनानं जावं.

चादरीबद्दल वाईट लिहायला हात धजत नाही. जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन मिळालेली वस्तू आहे, वर्षानुवर्षं टिकते, आणि डिसेंबरात सोलापुरात तिच्याहून चांगलं पांघरूण नाही. पण दरीत ती तीन ठिकाणी कमी पडते. एक, वजन. एकेरी चादरसुद्धा किलोच्या वर सहज जाते, आणि तेवढ्या वजनात चांगली स्लीपिंग बॅग येते. दोन, ऊब धरणारी गोष्ट म्हणजे अडकलेली हवा. घट्ट विणीच्या चादरीत तिला जागाच थोडी. तीन, आणि हे निर्णायक, सूत पाणी सोडत नाही. कोरडा कापूसही हवेतून आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा ओढून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. डोहात भिजलेली चादर स्वतःच्या वजनाहून जास्त पाणी घेऊन बसते, आणि ती वाळवायला घळीत ऊन येतं ते घटका-दोन घटका. टेरी टॉवेलचंही तेच. अंग टिपायला लहान पंचा पुरतो. मार्च-एप्रिलमध्ये साम्रदच्या अंगणात गाडीजवळ झोपायचं असेल तर चादर खुशाल न्या. दोरावरून उतरताना पाठीवर नको.

बॅग कृत्रिम तंतूंची घ्यावी. पिसांची हलकी असते खरी, पण ओली झाली की तिचे गोळे होतात, आणि सह्याद्रीच्या दवात ती हमखास ओलावते. बॅगेवरचे आकडे वाचायला शिका. आयएसओ २३५३७ या प्रमाणानुसार तीन तापमानं देतात, आरामाचं, मर्यादेचं आणि टोकाचं. टोकाचं तापमान जेमतेम जीव वाचवण्याचं, तिथं झोप लागत नाही. आपण आरामाचा आकडा बघायचा. स्वस्त बॅगेवर एकच आकडा असतो आणि तो कुठला हे लिहिलेलं नसतं. तिथं आपला हिशेब पाच-सात अंश वर धरावा. डिसेंबर-जानेवारीत तळाशी पारा १० अंशांच्या आसपास येतो, म्हणजे ८ अंशांच्या आरामाची बॅग पुरे. उणे दहाची हिमालयी बॅग आणून आत घाम काढण्यात शहाणपण नाही. घामही ओलच.

बॅगेपेक्षा महत्त्वाची आहे खालची कॅरीमॅट, आणि लोक कंजुषी करतात ती नेमकी तिथं. पाठीखाली बॅगेतला भराव दबून सपाट होतो, तिथं ऊब शून्य, आणि कातळ अंगातली उष्णता ओढत राहतो. मॅटचा आर आकडा, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, २ च्या आसपास असला तर आपल्या थंडीला चालतो, आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते. हवा भरायची गादी मऊ असते, पण करवंदीचा एक काटा पुरतो. पॅकिंगवाल्याकडचा पांढरा फोम स्वस्त मिळतो आणि दोन-तीन रात्रींत पापडासारखा चपटा होतो. बंद पेशींचा दाट फोमच घ्यावा.

हे सगळं डोहातून कोरडं न्यायचं. सॅकवरचं पावसाळी आवरण इथं निरुपयोगी, कारण पाणी खालून येतं. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी, तिच्यात बॅग आणि झोपायचे कपडे, हवा दाबून काढायची, तोंड पिळून दुमडायचं आणि रबरानं बांधायचं. मग तशीच दुसरी पिशवी वरून. घरी बादलीत बुडवून बुडबुडे येतात का ते पाहावं. झोपायचे कपडे दिवसा अंगावर घालायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी. रात्री कोरडे मोजे हवेत, ही त्यातली मुख्य गोष्ट.

जागा निवडताना डोहाचा काठ टाळा. थंड हवा जड असते, ती रात्री उतारानं खाली येऊन खोलगटात साठते. तिथंच दव जास्त आणि डासही. चार-पाच मीटर उंचावर, भिंतींपासून लांब, पुराच्या खुणांच्या वर झोपावं. झाडांच्या बुंध्यांत अडकलेला पाचोळा ज्या उंचीवर दिसतो, पाणी तिथवर आलेलं असतं. भिंतीच्या पायथ्याशी ताजे, धारदार दगड पडलेले असतील तर ती जागा माकडांनी आणि गुरुत्वाकर्षणानं आधीच घेतलेली आहे. जाळीचा आतला तंबू असेल तर उत्तम, फुरसं आणि विंचू दोन्ही दूर राहतात. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये.

निघण्याआधी सोलापुरातच चाचणी घ्यायची असेल तर गच्चीवर घेऊ नका. स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि मध्यरात्रीपर्यंत पाठ शेकतो. कुठलीही मॅट तिथं पास होते. अंगणातली फरशी किंवा शेतातली जमीन जास्त खरं सांगते.

परत आल्यावर गाळणी आपल्या बोअरच्या पाण्यानं धुऊ नये. ज्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर धरतो, तेच वाळताना तंतूंच्या छिद्रांत क्षार सोडतं, आणि पुढच्या खेपेला गाळणी थेंब-थेंब चालते. उकळून गार केलेलं किंवा आरओचं पाणी पिचकारीत भरून उलट्या दिशेनं दाबायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. क्षार बसलेच असतील तर साधा पांढरा व्हिनेगर, अर्धा तास भिजवून, मग कोमट पाण्यानं पुन्हा उलटी धुलाई. शेवटी क्लोरीनच्या पातळ पाण्याची एक पिचकारी, आणि झाकणं उघडी ठेवून काही दिवस सावलीत वाळू द्यायचं. पत्र्याच्या माळ्यावर ठेवायचं नाही, मेमध्ये तिथं मॅटचा फोमसुद्धा आखडतो. स्लीपिंग बॅगही पिशवीत कोंबून ठेवू नका, कपाटात सैल लटकवा. आणि पुढच्या वेळी वाळलेली गाळणी थेट दरीत नेऊ नये. आदल्या रात्री कोमट पाण्यात तासभर भिजत घालावी, नाहीतर तंतूंत अडकलेली हवा पाण्याला वाट देत नाही आणि चांगली गाळणी बिघडली म्हणून फेकली जाते.